फुलांचा पाक आधी दवाखान्यात शिजला

उन्हाळा तोंडावर आला की गुलाब, जास्वंद, मोगरा, गोकर्ण यांच्या घरगुती सरबतांच्या कृती पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून फिरू लागतात. त्यांतल्या बहुतेकांची प्रस्तावना ठरलेली असते: बाजारच्या लाल बाटल्या येण्याआधी घरोघरी फुलांची सरबते होत, तो वारसा आपण विसरलो, आता तो परत आणू या. भावना चांगली आहे, पण पुरावे वेगळे सांगतात. फुलांचा टिकाऊ पाक, म्हणजे महिनोन्‌महिने बाटलीत राहणारा आणि पाणी, दूध, फालुदा किंवा खीर यांत घालता येणारा दाट गोड अर्क, हा मुळात स्वयंपाकघरातला पदार्थ नव्हे. तो हकिमांच्या आणि युरोपातल्या औषधविक्रेत्यांच्या दुकानात घडला आणि तिथेच त्याची मापे ठरली. सामान्य घरात तो आला तो साखर स्वस्त झाल्यावर, म्हणजे फार उशिरा. हे सांगण्यात कोणाच्या आजीचे श्रेय काढून घेण्याचा हेतू नाही. एखादी कृती कुठल्या हातांनी घडवली हे कळले, की ती नीट उतरायला काय लागते हेही कळते. फुलांच्या पाकाच्या बाबतीत ते उत्तर आहे वजन, स्वच्छता आणि फुलाची नेमकी ओळख. दवाखान्याने या तिन्ही गोष्टी सांभाळल्या. पाक तिथून बाहेर पडला तेव्हा त्या मागेच राहिल्या.

आधी अडचण समजून घेऊ. शेतात पिकणाऱ्या वस्तूंत फुलाइतके अल्पायुषी थोडेच काही असेल. गुलाबपाण्यासाठी आणि अत्तरासाठी उत्तर भारतात लावला जाणारा दमिश्की जातीचा गुलाब वसंतात जेमतेम महिनाभर भरात असतो. चैत्रात फुलतो म्हणून त्याला तिकडे चैती गुलाब म्हणतात. तो पहाटेच खुडावा लागतो, कारण ऊन चढले की त्याचा वास उडू लागतो. खुडलेल्या फुलांचा ढीग काही तासांत आतून गरम होतो आणि पाकळ्या काळवंडतात. उरलेले अकरा महिने हा सुगंध हाताशी ठेवायचा तर तीन वाटा होत्या: भट्टी लावून गुलाबपाणी किंवा अत्तर काढणे, पाकळ्या वाळवणे, नाहीतर त्या साखरेत धरून ठेवणे. तिसरी वाट एका साध्या प्रमाणावर उभी आहे. वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेतले की पाकात साखर सुमारे 66 टक्के होते. खोलीच्या तापमानाला पाण्यात याहून फारशी जास्त साखर विरघळत नाही. इतक्या दाट पाकात मोकळे पाणी एवढे कमी उरते की बुरशीला आणि बहुतेक जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. हेच प्रमाण निम्म्यावर आले की पाक बाहेर ठेवल्यास थोड्याच दिवसांत फेसाळतो आणि आंबतो. म्हणजे इथे साखर गोडीपुरती नाही, ती राखणीला आहे, आणि राखणीचे काम अंदाजाने होत नाही. इंडियन फार्माकोपियात साध्या सिरपसाठी आजही 66.7 टक्के साखरच सांगितलेली आहे.

फुलाचा गुण पाण्यात उतरवण्याची रीत आपल्याकडे औषधनिर्मितीच्या ग्रंथांत नीट बांधलेली दिसते. शार्ङ्गधरसंहिता हा मध्ययुगीन ग्रंथ औषधे तयार करण्याच्या विधींसाठीच प्रसिद्ध आहे. त्यात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच मूळ कृती सांगितल्या आहेत. हिम म्हणजे एक भाग द्रव्य सहा भाग थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचे. फांट म्हणजे एक भाग द्रव्यावर चार भाग गरम पाणी घालून, मुरले की गाळायचे. आजची फुलांच्या सरबताची कोणतीही चांगली कृती घ्या, तिची पहिली पायरी या दोहोंपैकी एक असते. उकळून आटवण्याचा क्वाथ वेगळा आणि हिम-फांट वेगळे ठेवले, यातच हे आले की काही द्रव्यांना उकळी सोसत नाही. आता याच्याशेजारी मानसोल्लास ठेवून पाहावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130च्या सुमारास हा ग्रंथ रचला. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या राजजीवनाचा एवढा तपशीलवार आरसा दुसरा नाही. त्यात पाणी पिण्याच्या सुखावर स्वतंत्र भाग आहे, पाटला, चंपक यांसारख्या फुलांनी पाणी सुवासिक करण्याची वर्णने आहेत, आणि पानके, म्हणजे पन्ह्यासारखी पेयेही आहेत. पण हा वास त्या दिवसापुरता. फूल पाण्यात घालायचे, पाणी प्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नवे फूल आणायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची फुले किंवा वाळ्याची जुडी सोडतात, ती याच परंपरेतली. ती सुंदर आहे, पण तिला साखर लागत नाही, बाटली लागत नाही आणि हंगाम ओलांडण्याची तिची इच्छाही नाही.

हंगाम ओलांडायला साखर लागते. दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात पिकली. 647 साली चीनचा तांग सम्राट ताइझोंग याने ती शिकून घेण्यासाठी मगधात माणसे धाडल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. तीच विद्या पश्चिमेला इराणात गेली आणि पुढे अरबी राजवटींत तिचा विस्तार झाला. तिथल्या वैद्यांच्या हाती साखर आल्यावर सरबत हा औषधाचा स्वतंत्र प्रकार बनला. त्यामागे तीन रोकडी कारणे होती. कडू द्रव्य गोडातून रोग्याच्या घशाखाली उतरते. एका हंगामात जमवलेला माल वर्षभर पुरतो. आणि एकसारख्या दाटीचा पाक असला की मात्रा चमच्याने मोजता येते. ताज्या फुलांत ही खात्री नसते, कारण आजच्या टोपलीचा जोर उद्याच्या टोपलीत असेलच असे नाही. इब्न सीनाने (980–1037) आपल्या वैद्यकावरील महाग्रंथात क्षयाच्या रोग्याला गुलाब-साखरेचा मुरंबा मोठ्या प्रमाणात दिल्याचे लिहिले आहे. तो रोग त्याने बरा होतो असे आज कोणी म्हणणार नाही. पण फूल आणि साखर यांची जोडी कोणत्या खोलीत जमली, हे त्या नोंदीतून स्वच्छ कळते. यूनानी दवाखान्यांत खोकल्यासाठी मिळणारे शरबत-ए-बनफ्शा हे त्याच घराण्यातले. हकिमी कृतीत फुले रात्रभर भिजवतात, सकाळी गाळतात, त्या पाण्यात साखर घालून एकतारी पाकापर्यंत आटवतात. तार बोटांत धरून पाहण्याची ती खूण आपल्याकडचे हलवाईही वापरतात.

युरोपातही याच क्रमाने गोष्टी घडल्या. अरबी वैद्यक लॅटिन भाषांतरांतून तिकडे पोहोचले आणि पाक औषधविक्रेत्यांच्या हाती पडला, कारण मध्ययुगात तिथे साखर विकणारेही तेच होते. 1555 साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात सौंदर्यप्रसाधने आणि मुरंबे यांवर एक पुस्तक निघाले. भविष्यवेत्ता म्हणून आज ओळखला जाणारा नोस्त्रादामुस हा त्याचा लेखक, आणि त्याचा पेशा वैद्याचा होता. 1664 साली रॉबर्ट बॉइलने रंगांवरच्या आपल्या ग्रंथात व्हायोलेट फुलांच्या पाकाचा प्रयोग दिला: आम्ल पडले की निळा पाक लाल होतो, अल्कली पडली की हिरवा. आम्ल आणि अल्कली ओळखण्याच्या रीतीचा इतिहास सांगताना हा प्रयोग हमखास येतो. तो ज्या पाकावर झाला, तो त्या काळी खोकल्यावर आणि सौम्य रेचक म्हणून दिला जाई. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फार्माकोपियात संत्र्याच्या फुलांचा, लाल पॉपीच्या पाकळ्यांचा आणि लाल गुलाबाचा पाक अधिकृत औषधद्रव्यांत मोजलेला आहे. औषधाला रंग आणि वास देणे हे त्यांचे काम. भारत, इराण, फ्रान्स, इंग्लंड अशा दूरदूरच्या ठिकाणी एकच वस्तू औषधाच्या कपाटात सापडते, तेव्हा त्यामागे वस्तूच्या स्वभावातलेच कारण असले पाहिजे. ते कारण वर आले आहे: महाग साखर, नेमके वजन आणि हंगामाबाहेरची गरज या तिन्ही गोष्टी त्या काळात एकाच ठिकाणी भेटत होत्या.

यावर पहिला आक्षेप असा की सरबत ही दरबारी चैन होती, तिला औषध म्हणणे म्हणजे रसिकतेवर अन्याय. माळव्याच्या सुलतानांसाठी मांडूला 1500च्या आसपास तयार झालेल्या निमतनाम्यात सरबते आहेत, गुलाबपाणी जागोजाग आहे. आईन-ए-अकबरीत बादशहाच्या पिण्याच्या पाण्याची वेगळी व्यवस्था आहे, सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत आहे, सुगंधांवर स्वतंत्र भाग आहे. हे सगळे खरे. पण निमतनामा उघडला तर त्यात खाद्यपदार्थांच्या शेजारी सुगंधी लेप, वाजीकरणाचे उपाय आणि औषधी कृती एकाच ओघात येतात. चव आणि पथ्य यांच्यामधली भिंत त्या लेखकांना माहीतच नव्हती. गुलाब थंड, केशर उष्ण अशा प्रकृतीच्या हिशोबानेच पदार्थ ठरत, आणि तो हिशोब हकिमाचा असे. त्यामुळे दरबारातले सरबत सुखासाठी प्यायले जाई हे मान्य करूनही माझा मुद्दा शाबूत राहतो. पिणारा सुखासाठी पीत होता. पण पाक टिकवायचे ज्ञान औषधशाळेचे होते, आणि दरबाराला ते परवडत होते एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्रंथ पुरुषांनी लिहिले, आणि घरातल्या बायकांच्या हातचे लिहून कोणी ठेवले? नोंद नाही म्हणजे प्रथा नव्हती, असे म्हणता येत नाही. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण आपल्या खाद्येतिहासात ही चूक वारंवार झाली आहे. म्हणून ग्रंथ बाजूला ठेवू आणि फडताळ पाहू. इंग्लंडमध्ये ह्यू प्लॅटने 1602 साली घरंदाज स्त्रियांसाठी काढलेल्या पुस्तकात व्हायोलेटच्या पाकाची कृती आहे, म्हणजे तिथे तो घरी होत होता. पण होत होता तो मोठ्या वाड्यातल्या वेगळ्या खोलीत. अर्क, औषधे आणि मुरंबे तिथे होत, आणि घरादाराच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी त्या वाड्याच्या मालकिणीवर असे. ती खोली घरातला दवाखानाच होती. मराठी घरांत शोध घेतला तर चित्र आणखी स्पष्ट होते. कैरीचे पन्हे, कोकमाचे आगळ, लिंबाचे आणि आवळ्याचे सरबत, वाळ्याचे पाणी, मुरंबा, साखरांबा यांची स्मृती अखंड आहे. त्यांच्या म्हणी आहेत, बरण्या आहेत, करण्याचे दिवस ठरलेले आहेत. फुलांच्या पाकाची अशी स्मृती नाही. फूल आपल्या घरात आले ते वेगळ्या वाटांनी: शिरा-श्रीखंडात केशर, लग्नाच्या दारात गुलाबदाणी, मिठाईत केवड्याचे पाणी, आणि गुलकंद.

गुलकंद हा इथे महत्त्वाचा साक्षीदार आहे. तो घरी होत असे, आजही होतो, आणि का होतो हे त्याच्या कृतीत दिसते. पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत द्यायचे, तोंडाला फडके बांधायचे, तीन-चार आठवडे उन्हात ठेवायचे. इथे चूल नाही, पाण्याचे प्रमाण नाही, तार पाहणे नाही. पाकळीतले पाणी साखर स्वतःच ओढून घेते, आणि साखर सढळ असली तर चूक व्हायला जागा कमी. टिकाऊ पाकाची जोखीम ज्या घराला परवडत नव्हती त्याने गुलकंदाचा रस्ता धरला. एवढे असूनही मराठी माणूस गुलकंद बहुधा विकत आणत आला तो काष्ठौषधींच्या किंवा आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून. प्रवाळयुक्त गुलकंद हे नावच त्याची जागा सांगते. उष्णता झाली, तोंड आले, हातापायांची आग होते, म्हणून तो चमचाभर घेतला जाई. विडा आणि मोदक हा त्याचा दुसरा संसार.

टिकाऊ पाक घरात न येण्याचे आर्थिक कारणही होते. महाराष्ट्रात ऊस होता, पण त्याचा बहुतेक गूळ व्हायचा. गुळाला स्वतःचा रंग आणि ठसठशीत वास असतो. त्यात गुलाबासारखा हलका वास टिकाव धरत नाही. कैरी आणि कोकम आपल्या आंबटपणाच्या जोरावर गुळाला पुरे पडतात, फूल पडत नाही. फुलाला पांढरी, बिनवासाची साखरच लागते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बरीचशी जावा बेटावरून येत असे. 1932 साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. 1950च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्राच्या अर्थकारणाला साखरेने वेढून टाकले. दोन किलो साखर एका वेळी पातेल्यात ओतण्याचे धाडस सामान्य घर करू लागले ते यानंतर. ज्या पदार्थाचा दोन तृतीयांश भाग साखर आहे, तो साखर दुर्मीळ असताना घरोघरी होत होता, हे मानायला आधार सापडत नाही.

दवाखान्यातून बाजारात येण्याचा क्षण मात्र आपल्याकडे नाव-पत्त्यासह सापडतो. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 साली जुन्या दिल्लीत हमदर्द दवाखाना उघडला आणि पुढच्याच वर्षी रूह अफजा तयार केले. गुलाब, केवडा, वाळा, कमळवर्गीय फुले, फळे आणि थंड मानलेल्या वनस्पती यांचे हे मिश्रण उन्हाळ्याच्या त्रासावरचा उपाय म्हणून दिले जाई. त्याचे रंगीत लेबल छापायला दिल्लीत सोय नव्हती, ते मुंबईच्या छापखान्यातून छापून आणावे लागे. मजीद 1922 साली वारले. फाळणीनंतर त्यांचा एक मुलगा, हकीम अब्दुल हमीद, दिल्लीत राहिला. दुसरा, हकीम मोहम्मद सईद, कराचीला गेला, आणि त्याने तिकडे वेगळे हमदर्द उभे केले. आता तीन देशांत हे सरबत निघते, आणि रमजानच्या इफ्तारीपासून जत्रेतल्या पाणपोईपर्यंत ते लोक पितात ते केवळ आवडते म्हणून. औषधाचे पेय झाले ते इतक्या उघडपणे, की पुढच्या पिढ्यांना मूळ आठवलेच नाही.

या बदलाला आणखी दोन गोष्टींनी बळ दिले. एक बर्फ. 1830च्या दशकात अमेरिकेतून जहाजांनी मुंबईत बर्फ येऊ लागला, पुढे बर्फाचे कारखाने निघाले, सोडावॉटर आले. दाट पाकाला पातळ करणारे थंडगार काहीतरी प्रथमच रस्त्यावर मिळू लागले. इराणी आणि पारशी दुकानांतला फालुदा, जमशेदी नवरोजच्या दिवशीचा पारशी घरातला फालुदा, बर्फाचा गोळा, दूध कोल्ड्रिंक या सगळ्यांत गुलाबी पाकाची धार पडू लागली. दुसरी गोष्ट म्हणजे रसायनशास्त्र. 1856 साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, आणि शतक संपता संपता कृत्रिम सुगंधही आले. गुलाबाच्या वासातले मुख्य घटक प्रयोगशाळेत बनू लागल्यावर पहाटे फुले खुडण्याची गरज राहिली नाही. स्वतंत्र भारतात 1955च्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरने कृत्रिम सिरपलाही जागा दिली आणि त्यात विद्राव्य घनपदार्थ किमान 65 टक्के असावेत असे ठरवले. म्हणजे जुने औषधी प्रमाण कायद्यात टिकले, फूल मात्र ऐच्छिक झाले. महाराष्ट्रात पाचगणी-महाबळेश्वरला 1959 साली किशोर व्होरा यांनी मॅप्रोची सुरुवात केली ती स्ट्रॉबेरीच्या जॅमपासून. आज त्या घाटातून परतणाऱ्या गाड्यांत रोझ सिरपची बाटली असतेच. गुलाबाचे सरबत मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीचे झाले ते अशा बाटल्यांमुळे; आजीच्या हातचे म्हणून आज ज्याची आठवण निघते, ते पुष्कळदा बाटलीतलेच असते.

घरी खरा पाक केला की पहिला धक्का रंगाचा बसतो. वासाच्या देशी गुलाबाच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की काही मिनिटांत त्यांचा रंग सुटतो, पाकळी कागदासारखी फिकी पडते आणि पाणी मातकट गुलाबी होते. त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब पडले की तेच पाणी डोळ्यांदेखत उजळते. बॉइलच्या व्हायोलेट पाकात जे घडले तेच हे. लिंबू आणखी एक काम करते: पाक तापताना त्यातली थोडी साखर ते फोडते, त्यामुळे बाटलीच्या तळाशी खडे जमत नाहीत. गुलाबाच्या वासातला एक प्रमुख घटक, फेनिलइथिल अल्कोहोल, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून गुलाब पाण्याला वश होतो. मोगऱ्याचे तसे नाही. मोगऱ्याची कळी खुडल्यावरही उमलते आणि रात्रभर वास सोडत राहते. तिला उकळत्या पाण्यात टाकणे म्हणजे तिचे काम सुरू होण्याआधीच संपवणे. अत्तरवाले चमेली आणि मोगऱ्याची फुले तिळाच्या थरांत ठेवून वास तिळाला देत, तो यामुळेच. घरी मोगऱ्याचा पाक करायचा तर साधा पाक आधी करून पूर्ण गार करावा आणि संध्याकाळच्या स्वच्छ कळ्या त्यात झाकून रात्रभर ठेवाव्यात. मात्र फुलांच्या ओलीने पाक थोडा सैल होतो, म्हणून तो फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावा. जास्वंद रंग देते, थोडा चिकटपणा देते, वास जवळपास देत नाही. गोकर्ण केवळ रंग देते. प्रत्येक फुलाची रीत वेगळी, हे हकीम जाणत होते. सगळ्या फुलांना एकच कृती लावणारी आजची टिपणे ते विसरली आहेत.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: पाक दवाखान्यातून आला म्हटले की लोक तो औषध समजून पिऊ लागतील. ही भीती रास्त आहे, म्हणून स्पष्ट बोललेले बरे. जन्म दवाखान्यात झाला म्हणजे गुण सिद्ध झाला, असे नाही. थंड आणि उष्ण प्रकृतीचा जुना हिशोब हा आजच्या वैद्यकाचा पुरावा होत नाही. एका पेल्यासाठी 30 मिलिलीटर पाक घेतला तर त्यात साधारण 26 ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेसाठी जी मर्यादा सुचवली, ती 2000 कॅलरींच्या आहारात दिवसाला सुमारे 50 ग्रॅम येते. म्हणजे दोन पेल्यांत दिवसाचा कोटा संपला. घरचा पाक कृत्रिम रंगापासून मुक्त असतो, साखरेपासून नाही. मधुमेह असलेल्या माणसासमोर घरगुती आणि नैसर्गिक म्हणून तो ठेवणे चूक आहे. दवाखान्याकडून घ्यायची ती पद्धत. औषधाचे दावे तिथेच सोडून द्यावेत. जुन्या औषधविक्रेत्याच्या हातात हा पाक चमच्याने मोजला जाई, पेल्याने नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

म्हणून घरी फुलांचा पाक करणाऱ्या सर्वांना माझे सांगणे असे. वारसा म्हणून करण्यापेक्षा विद्या म्हणून करा. ती तेवढ्या सन्मानाची आहे. पहिली अट फुलाची. फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा गुलाब घेऊ नका. तो दिसण्यासाठी वाढवलेला असतो, त्याला वास जवळपास नसतो आणि त्यावर खाण्यासाठी चालणार नाहीत अशी औषधे फवारलेली असतात. घरच्या कुंडीतला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा, न फवारलेला देशी गुलाब घ्या आणि पाकळीच्या बुडाचा पांढरा कडवट भाग काढून टाका. नाव ठाऊक नसलेले फूल कधीही पाण्यात टाकू नका. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, कळलावी ही आपल्या कुंपणावरची सुंदर फुले विषारी आहेत आणि साखरेने विष उतरत नाही. उत्तराखंड-हिमाचलात ज्या बुरांसच्या फुलांचे सरबत करतात, त्याच्या काही भाईबंदांत विष असते. तिथली माणसे नेमके झाड ओळखतात म्हणून ते सुरक्षित राहते. दुसरी अट वजनाची: टिकवायचा पाक असेल तर काटा वापरा, गाळलेल्या पाण्याच्या दुप्पट साखर घ्या, कमी गोड हवा असेल तर तो थोडाच करा आणि आठवड्याभरात संपवा. तिसरी अट स्वच्छतेची: बाटली उकळत्या पाण्यातून काढा, पूर्ण कोरडी करा, ओला चमचा आत जाऊ देऊ नका. आणि बाटलीवर फुलाचे नाव, साखरेचे प्रमाण आणि तारीख लिहा. फेस आला, आंबूस वास आला, तर हळहळ न करता ओतून द्या.